आठानंतर पाच

४ मार्च

मी माझ्या हातांनी बनवलेल्या वस्तू:

आठ कर्णे. प्रत्येकी नऊ फूट लांब, तोंड चार फूट रुंद. एकाचाही रिबीट बाहेरून दिसत नाही. आठवा गेल्या आठवड्यात पुरा झाला.

त्यांना आवाज पुरवणारे चार ॲम्प्लिफायर. त्यांच्या ट्रान्सफॉर्मरच्या गुंडाळ्या, एकेक वेढा हातानं मोजून.

स्वयंपाकघरातलं कपाट. त्याचं दार एकोणीस वर्षांत एकदाही करकरलं नाही.

आईची काठी, तिच्या डाव्या हाताच्या मापाची, कारण उजवा गुडघा दुखतो.

एक रेडिओ, चौदाव्या वर्षी, शेजाऱ्यांनी फेकून दिलेल्या टेलिफोनमधून.

तुझं दप्तर. जुन्या खुर्चीच्या रेक्झिनचं. तू ते सहा वर्षं वापरलंस आणि सगळ्यांना सांगितलंस की दुकानातून आणलंय.

ही पेटी.

ही यादी देण्याचं कारण सांगतो. अठरा जानेवारीला संध्याकाळी पाच वाजून चार मिनिटांनी तू नदीपलीकडच्या तुमच्या तीरावरून बातम्यांत म्हणालास की आमचे भोंगे पत्रे ठोकणाऱ्या अडाणी माणसांनी बनवलेत. माणसं नाहीत, माणूस आहे. एकच. आणि त्याला कर्णा म्हणतात. भोंगा गिरणीवर असतो.

'प्रिय' वगैरे लिहिलेलं नाही, ते मुद्दामच.

हे कागद तुला पेटीच्या तळात सापडले असतील. बाहेरून खोली नऊ इंच, आतून साडेसात, आणि तळाची फळी अर्ध्या इंचाची. उरलेला एक इंच कुठे गेला, हा प्रश्न तुला पडला म्हणूनच तू हे वाचतोयस. पडला नसता तर तुला मी काहीच शिकवलं नाही असं धरलं असतं. त्या इंचात अर्धा इंच दुसरी फळी आहे, अर्धा इंच हे कागद. पुलावर दोन्हीकडचे शिपाई पेटी तपासतील. त्यांना जोड दिसणार नाही.

पेटी आई घेऊन येईल. वीस तारखेला सकाळी दहा वाजता पूल तासाभरासाठी उघडणार आहे. सत्तरीच्या पुढची एकवीस माणसं तिकडून इकडे, एकवीस इकडून तिकडे. ज्यांची मुलं पलीकडे राहिली त्यांनी अर्ज करायचा होता. एक पेटी न्यायची, लिहिलेला कागद न्यायचा नाही, परत यायचं नाही. शेवटची अट दोनदा छापली आहे.

अर्ज आईनं केला. पालक म्हणून सही माझी आहे. तेवढीच माझी मदत.


८ मार्च

आज पेटीचे कोपरे केले. हात चालू असतात तेव्हा डोकं मोकळं असतं, आणि मोकळ्या डोक्यात तूच येतोस. जुन्या दुखण्यासारखा.

तू तीन महिन्यांच्या प्रशिक्षणाला पलीकडे गेलास. पूल बंद होणार हे आठ दिवस आधी जाहीर झालं होतं. आठ दिवस! पूल चारशे दहा पावलांचा आहे. रांगत आला असतास तरी पोचला असतास. आई आठही दिवस त्या लोखंडी फाटकाशी उभी होती. सातव्या दिवशी तुझी चिठ्ठी आली: 'इथं माझ्या शिक्षणाची कदर आहे.'

तुझं शिक्षण! बाबा गेले तेव्हा मी सातवीत होतो. घरात एकाच्याच फीची सोय होती. कोणी शिकायचं यावर चर्चासुद्धा झाली नाही. मी दुकानात लागलो. तुझ्या पुस्तकांतून मी शिकलो, तू झोपल्यावर नाही, तू खेळायला गेल्यावर. तू पास होत होतास, मला समजत होतं.

तू तिकडे राहिलास त्याचं इकडे काय झालं तेही टिपून ठेव. मला तीन वेळा चौकशीला बोलावलं. ठरलेलं लग्न मुलीच्या वडिलांनी मोडलं. पलीकडच्याच्या भावाला मुलगी कशी द्यायची, म्हणाले. तिच्याविषयी जास्त लिहीत नाही. तिच्या घरचा दरवाजा मी दुरुस्त करून दिला होता, तो अजून नीट लागतो. एवढं मला माहीत आहे, म्हणजे मी कधीतरी तिकडून जात असेन.

आणि एकोणीस वर्षांत एक गोळी सुटलेली नाही. तुम्ही पाच कर्णे लावले, आम्ही सहा. तुम्ही झेंड्याचा खांब ऐंशी फूट केलात, आम्ही नव्वद. तुम्ही त्याच्यावर दिवा लावलात, आम्ही फिरता दिवा लावला. संध्याकाळी पाच वाजता दोन्ही तीर एकाच वेळी बोलू लागतात, आणि ऐकणाऱ्याच्या पदरात फक्त गोंगाट पडतो. नदीकाठचा न्हावी पाचनंतर गिऱ्हाइकाशी खुणांनी बोलतो. एकानं ओठावरून बोट फिरवलं, त्याला थोडी बारीक करा असं म्हणायचं होतं. न्हाव्यानं पूर्ण मिशी उतरवली. आता त्या माणसाला सगळे शहीद म्हणतात. आमच्या युद्धातला तो एकटाच.

दोन वर्षांपूर्वी तुमच्याकडे नवा निवेदक आला. नाव भलतंच सांगायचा. आमच्याकडे त्याला पोपट म्हणू लागले. आई पहिल्याच दिवशी म्हणाली, "हा आपला बाळ."

मी म्हणालो, "आई, हा चाळिशीचा बाप्या आहे, पगार घेऊन शिव्या देतोय."

"बाळच आहे."

दुसऱ्या दिवशी तुमच्या माणसांनी वेळेआधी माईक चालू ठेवला आणि तुझी चाचणी आमच्यापर्यंत आली. "दहा, नऊ, आठ, पाच, चार, तीन, दोन, एक."

मग मला आईशी वाद घालता आला नाही.

माझा पहिला माईक त्या टेलिफोनमधल्या कोळशाच्या भुकटीचा होता. त्याच्यात 'स' म्हटलं की फुत्कार यायचा, भांड्यावर पाणी पडावं तसा. म्हणून मी तुला शिकवलं, चाचणी घेताना सात आणि सहा गाळायचे. तू सहा वर्षांचा होतास, ओट्यावर बसून मोजायचास. तो माईक कधीच भंगारात गेला. तिकडे परदेशी माईक असतील, मखमलीची टोपी घातलेले. तरी तू सात-सहा गाळतोस. एवढं शिकून तुला हेही विचारावंसं वाटलं नाही, की अजून का गाळतो?


११ मार्च

आज आईनं पेटी उचलून पाहिली. "जड झाली रे."

"लाकूड आहे. कागदाची करू?"

"तुझ्या जिभेची केलीस तर आणखी टिकेल," ती म्हणाली.

तिला तळाचं काही माहीत नाही. माहीत असतं तर पुलावरच्या पहिल्याच शिपायाला तिनं कौतुकानं दाखवलं असतं.

एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण तुझ्या डोक्यात भलत्या कल्पना यायला नकोत. पाच वाजता तुझा आवाज बुडवणं हे माझं काम आहे आणि मी ते चोख करतो. तुझं एक वाक्य इकडे पोचू नये म्हणून मी कर्ण्यांचा कोन अर्ध्या अंशानं तीन वेळा बदलला. आई खिडकीशी बसायची. कपाळाला हात लावून, तुझा आवाज त्या गोंगाटातून वेचायची. एकदा म्हणाली, "पाचच मिनिटं बंद ठेव ना तुझं ते."

मी म्हणालो, "सरकारी काम आहे. बंद ठेवता येत नाही."

मी बंद ठेवलं नाही.

(वरची ओळ खोडावी की ठेवावी, बराच वेळ विचार केला. ठेवतो. पुढे वाच.)

नोंदवहीत दोन वर्षांत चौदा वेळा 'फ्यूज उडाला' असं आहे. वेळ पाच, कालावधी अकरा मिनिटं. तुझ्या बातम्या अकरा मिनिटांच्या असतात. फ्यूज बदलायला दीड मिनिट लागतं. वही तपासणाऱ्याच्या हे लक्षात यायला हवं होतं, पण त्याला पदवी आहे.

चौदा वेळा, माझ्या अक्षरात, माझ्या यंत्रात बिघाड झाला असं लिहिलेलं आहे. त्यातला एकही खरा नाही. ते यंत्र कधीही बिघडलेलं नाही. ऑफिसात पोरं बोलू लागली की मिस्त्रीचा माल आता पहिल्यासारखा राहिला नाही. मी ऐकून घेतलं. मी आयुष्यात कधी ऐकून घेतलं नव्हतं.

हे तुझ्यासाठी नव्हतं. तू त्या अकरा मिनिटांत काय बोलायचास? तुमच्या सिमेंटच्या उत्पादनाचे आकडे. आई सिमेंट ऐकून डोळे पुसायची. "खोकला झालाय त्याला," म्हणायची. "शब्द तोडतोय."


१३ मार्च

काल माझ्याकडून चूक झाली.

आठव्या कर्ण्याची चाचणी होती. साहेब आले होते, सगळं खातं अंगणात उभं होतं. चाचणीला निवेदक असतो, पण माझ्या कर्ण्यात पहिला आवाज दुसऱ्याचा मी जाऊ देत नाही. माईक हातात घेतला. आणि मोजलं. दहा, नऊ, आठ, पाच, चार.

आवाज सुंदर गेला. नदीपलीकडची कबुतरं उठली. तुम्हालाही ऐकू आला असेल.

साहेब हसले. "मिस्त्री, सात-सहा कुठे गेले? तिथवर शाळा पोचली नव्हती का?"

सगळे हसले. श्रवण विभागातल्या बाई हसल्या नाहीत. या बाई एकोणीस वर्षं कानाला यंत्र लावून तुमच्या तीरावरचा शब्द न् शब्द उतरवून घेतात. खोकलासुद्धा 'खोकला' असा लिहितात. त्यांनी पेन्सिल कानामागे खोचली, वहीची मागची पानं उलटली आणि अगदी हळू म्हणाल्या, "पोपटही असाच मोजतो."

साहेबांचं हसू तोंडावरच राहिलं, काढायचं विसरल्यासारखं.

बाईंवर माझा राग नाही. त्या खात्यात माझ्याशिवाय चूक ओळखणारं माणूस ते एकच आहे. राग माझ्यावर आहे. लहानपणी तुला जे शिकवलं ते माझ्याही जिभेला चिकटून राहिलं, हे मला एकावन्नाव्या वर्षी, लोकांसमोर कळावं!

आणि तुझ्यावर आहे. तो नेहमीचाच.


१६ मार्च

तेरा तारखेला संध्याकाळी साहेबांनी खोलीत बोलावलं. खुर्ची दिली. सोळा वर्षांत पहिल्यांदा. चहा मागवला, तोही बशीसकट.

"मिस्त्री, पोपट तुमचा भाऊ आहे हे दोन वर्षं दडवलंत."

"कोणी विचारलं नाही."

"आता विचारतोय."

"भाऊ आहे."

मला वाटलं, आता शिपाई येतील. पण साहेब पुढे झुकले आणि गोड बोलू लागले. मला शिपाई परवडले असते.

त्यांचं म्हणणं असं. आई वीस तारखेला जाणार. ती एकदा गेली की त्यांच्या उपयोगाची नाही. यादीवर दोन्ही सरकारांची सही आहे, त्यामुळे तिचं नाव त्यांना खोडता येत नाही. मला येतं. पालक म्हणून मी अर्ज मागे घेतला की आई इथेच राहील. मग रोज पाच वाजता आठही कर्ण्यांतून तिनं एकच वाक्य म्हणायचं: 'बाळ, मी पुलावर उभी आहे, घरी ये.'

"आणि तो आला की?"

"आला की बघू."

"काय बघाल?"

"मिस्त्री, पोपट स्वतःहून परत आला, याहून मोठी बातमी कुठली? एकोणीस वर्षांत आपण असं काही जिंकलेलं नाही."

त्यावर मी काय बोललो ते लिहितो, कारण हिशेबानं बोलायचं तर ते लपवता येणार नाही. मी म्हणालो, "म्हाताऱ्या आवाजाला आठ कर्णे जास्त होतील. चिरकेल. दोन पुरतील."

हे माझ्या तोंडून निघालं. त्या आवाजाचं काय करणार आहेत हे कळलेलं असताना. हातातला चहा खाली ठेवला तेव्हा बशी वाजली. साहेबांना वाटलं असेल, मी तयार झालो.

त्यांनी एक टाइप केलेला कागद पुढे सरकवला. त्यात मला काय मिळेल ते होतं. "एकोणीस तारखेच्या दुपारपर्यंत विचार करा," म्हणाले. कागदावर काय होतं ते शेवटी लिहितो.

तू काय समजशील ते मला आत्ताच दिसतंय. मी विचार केला नाही असं समजशील. मी केला. तीन दिवस केला. तू आलास तर काय बिघडेल, असाही केला. तुला पुलावर धरतील, बेड्या घालून अंगणात उभा करतील, माझ्या कर्ण्यांखाली. मी समोरून बघेन. हे चित्र मी निरनिराळ्या बाजूंनी पाहिलं आणि मला ते बराच वेळ आवडलं. आणि आई माझ्याकडेच राहील. एकोणीस वर्षं तिचा चहा, तिच्या गोळ्या, तिचा गुडघा मी पाहिला. तिचा शेवट तू का पाहावास? तुझ्या वाट्याला सगळं आयतंच का यावं?


१९ मार्च

दुपारी तीन.

आईला मी काही सांगितलं नव्हतं, पण सकाळी दिसलं की तिला कळलंय. साहेब परवा मी नसताना घरी येऊन गेले म्हणे.

"माणूस बरा आहे," आई म्हणाली. "चहा मात्र अर्धा टाकून गेला. तुझ्या मोठेपणाचं बोलत होता."

"काय बोलत होता?"

"मी राहिले तर तुला पाटी मिळेल म्हणाला. दारावर." मग गोळ्यांची डबी बंद करत म्हणाली, "तू नको जाऊ म्हण, मी नाही जाणार. एकदा म्हण फक्त."

ती खरंच राहिली असती. मला फक्त दोन शब्द बोलायचे होते.

मी म्हणालो, "काठी घे. जिना उतरून दाखव. पुलाला चारशे दहा पावलं आहेत."

तिनं उतरून दाखवला. वर येताना मधे थांबली, तेव्हा मी तिच्याकडे पाहिलं नाही.

बारा वाजता साहेबांना कागद परत दिला. त्यांनी तो उलटसुलट पाहिला, सही शोधली. "मिस्त्री, ज्या भावानं तुम्हाला अडाणी म्हटलं, त्याच्यासाठी?"

"त्याच्यासाठी नाही," मी म्हणालो. "माझ्या कर्ण्यांतून खोटं रोजच जातं. आईच्या आवाजात जाणार नाही."

उद्यापासून माझी बदली गोदामात, बल्ब मोजायला. श्रवणच्या बाई जिन्यात भेटल्या. म्हणाल्या, "तुमच्या नोंदवहीतले फ्यूज मी मागेच मोजले होते. चौदा." आणि पुढे गेल्या. बाईंनी ते कुठेही लिहिलेलं नाही. यावर काय करावं ते मला अजून कळलेलं नाही.

आता कामाचं. पांढरी गोळी सकाळी, पिवळी रात्री जेवल्यावर. विसरली तर 'घेतली' म्हणून सांगते, डबी उघडून बघायची. काठीचं खालचं रबर पाऊण इंचाचं आहे, दर चार महिन्यांनी बदलायचं; पेटीत सहा दिलेत, दोन वर्षांचे. पुढचे तू शोध. खोली नदीच्या बाजूची दे. तिला सिमेंटच्या उत्पादनाबद्दल काही विचारलंस तर ती तुझ्यापेक्षा जास्त सांगेल.

माझ्याबद्दल तिनं काही चांगलं सांगितलं तर विश्वास ठेवू नकोस. मी तुला माफ केलेलं नाही. उद्या ती ज्या पावलांनी तुझ्याकडे चालत येईल ती चारशे दहा पावलं तुला एकोणीस वर्षांपूर्वी चालता आली असती. हे मी विसरणार नाही, आणि तूही विसरू नयेस म्हणून लिहून ठेवलं आहे, शाईनं.

आणि एक दुरुस्ती. सत्तावीस फेब्रुवारीला तू बातमीत म्हणालास की आमच्या तीरावर एका बुटाच्या जोडीत हवा तो माणूस विकत मिळतो. आकडा तपासल्याशिवाय बोलू नये, हे मी तुला सहाव्या वर्षी सांगितलं होतं. खरा आकडा माझ्याकडे आहे, कागदावर टाइप केलेला होता, मी तो दोनदा वाचला. मुख्य अभियंता हे पद, पदवीची अट माफ. दारावर पितळी पाटी, माझ्या पूर्ण नावाची. नदीपासून लांब, शांत गल्लीत तीन खोल्या. आईला मरेपर्यंत सरकारी डॉक्टर. आणि रोख साठ हजार. मी नाही म्हणालो. पुढच्या वेळी बातमी देशील तेव्हा नीट दे: साठ हजार.